छोटा टॅब्लेट किंवा स्मार्टफोन घेताना बांधणी कशी पारखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोसेसर, रॅम, मेगापिक्सेल हे डब्यावर छापलेलं असतं. बांधणी छापलेली नसते; ती हाताने, कानाने आणि नखाने तपासावी लागते. खालची उत्तरं रोजच्या वापरातले स्मार्टफोन आणि ८ ते ९ इंची टॅब्लेट डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

धातूची बॉडी म्हणजे मजबूत आणि प्लॅस्टिक म्हणजे तकलादू, हे खरं का?

अर्धवट खरं, आणि म्हणूनच फसवणारं. फोन पडतो तेव्हा धक्का कुठेतरी जिरावा लागतो. पॉलिकार्बोनेट थोडं दबतं आणि परत जागेवर येतं. बहुतेक हेल्मेटच्या पुढची ‘काच’ याच प्लॅस्टिकची असते, ती उगाच नाही. ॲल्युमिनियम चेपलं की चेपलेलंच राहतं. कोपऱ्याला पोचा आला की त्याची कड स्क्रीनच्या काचेला टेकते आणि पुढच्या किरकोळ धक्क्यालाही काच नेमकी तिथून तडकते. स्टीलची फ्रेम कडक असते, पण जड. आणि जड वस्तू पडते तेव्हा जोरात आपटते.

धातूच्या नावापेक्षा तो किती जाड आहे आणि कुठे कापलाय हे महत्त्वाचं. २०१४ च्या आयफोन ६ प्लसची फ्रेम ॲल्युमिनियमचीच होती, तरी खिशात वाकल्याच्या तक्रारी आल्या. वाक पडायचा तो आवाजाच्या बटणांजवळ, म्हणजे जिथे फ्रेमला खाचा होत्या तिथे. पुढच्या वर्षी ६एससाठी ॲपलने ७००० मालिकेतला जास्त ताकदीचा मिश्रधातू वापरला. २०१८ चा आयपॅड प्रो ५.९ मिमी इतका सडपातळ निघाला आणि पुन्हा तशाच तक्रारी सुरू झाल्या. तिथे कडेच्या मध्यावर एका बाजूला मायक्रोफोनचं छिद्र होतं आणि समोरच्या बाजूला पेन्सिल चार्ज होण्याची जागा. म्हणजे वाकताना ताण जिथे सर्वात जास्त येतो, नेमका तिथेच धातू कमी.

म्हणून दुकानात फोन हातात आला की आधी कडा बघा. बटणं, सिमचा ट्रे, पोर्ट हे सगळं एकाच बाजूला, मध्यावर दाटीने असेल तर ती बाजू कमजोर. खाचा कोपऱ्यांकडे सरकवलेल्या असतील आणि दोन खाचांमध्ये सलग धातू असेल, तर आखणी करणाऱ्याने विचार केलाय असं समजायला हरकत नाही.

दुकानात उभ्या उभ्या काय काय तपासता येईल?

डेमो पीस मागा, आणि मिळाला तर जुना मागा. सील फोडलेला नवा फोन सगळेच चांगले दिसतात. सहा महिने शेकडो लोकांनी हाताळलेला डेमो पीस सांगतो की कोपऱ्यांचा रंग उडाला का, बटण सैल पडलं का, पाठ कडेने सुटायला लागली का. मग या क्रमाने जा:

१. काउंटरच्या काचेवर रुमाल पसरून फोन पालथा ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून दाबा. (उताणा ठेवलात तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे चांगला फोनही डुगडुगतो.) पालथा ठेवूनही डुगडुगत असेल तर फ्रेम पिळलेली आहे किंवा आत बॅटरी फुगली आहे.

२. स्क्रीन आणि फ्रेमच्या सांध्यावरून नख सावकाश चारही बाजूंनी फिरवा. फट असणं हा दोष नाही. फट एका ठिकाणी कमी आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त असणं हा दोष आहे. नख अडकलं तर तिथे स्क्रीन नीट बसलेली नाही. खिशातली भुकटी आणि पावसाचं पाणी तिथूनच आत जाणार.

३. पाठीवर अंगठा दाबा: कॅमेऱ्याच्या खाली, मधोमध, आणि चार्जिंगच्या पोर्टच्या वर. प्लॅस्टिकची पाठ मधोमध किंचित दबते, ते चालतं. पण ‘टक्’ असा आवाज आला तर आतला क्लिप बसलेला नाही किंवा गोंद सुटलाय.

४. बटण दाबू नका, आधी आडवं हलवा. किंचित हालचाल सगळ्यांत असते. खुळखुळा वाजत असेल तर सोडा. मग बटणाच्या दोन्ही टोकांवर वेगवेगळं दाबा. आवाजाचं लांब बटण दोन्ही टोकांना सारख्याच जोराने दबलं पाहिजे.

५. ढोलकी किंवा तबला स्पष्ट असलेलं गाणं पूर्ण आवाजात लावा आणि पाठीवर तळहात ठेवा. कंप जाणवणं ठीक. पण ठेक्याबरोबर ‘झर्र’ असा फाटका आवाज येत असेल तर स्पीकरची पेटी किंवा पाठीचं पॅनेल सैल आहे.

६. फोन कानाजवळ धरून हलका हलवा. मागच्या मुख्य कॅमेऱ्यातून बारीक ‘टिक टिक’ आली तर घाबरू नका. हात स्थिर नसताना फोटो हलू नये म्हणून त्यातलं भिंग तरंगतं ठेवलेलं असतं, त्याचा तो आवाज. आवाज बटणांतून किंवा सिमच्या ट्रेमधून आला तर मात्र ते सैलच आहे.

फोन हाताने वाकवून बघावा का? यूट्यूबवर तर सगळे वाकवतात.

दुकानदाराच्या फोनवर तसला जोर लावू नका. शिवाय त्याची गरजही नाही. दोन्ही टोकं धरून ओला रुमाल अगदी हलका पिळावा इतकाच पीळ द्या आणि नजर स्क्रीनवर ठेवा. करकर आवाज आला तर आतलं मधलं चौकट-पॅनेल, म्हणजे ज्यावर बॅटरी आणि बोर्ड बसवलेले असतात ते, पातळ आहे. एलसीडी स्क्रीनवर पाण्यासारख्या लाटा उमटल्या तर पीळ थेट स्क्रीनपर्यंत पोचतोय. स्वस्त टॅब्लेटमध्ये हे फार दिसतं, कारण पृष्ठभाग मोठा आणि आत आधार कमी.

पाठ काचेची आहे की प्लॅस्टिकची, हे कसं ओळखायचं? विक्रेता ‘ग्लास फिनिश’ म्हणतो.

‘फिनिश’ हा शब्द आला की ते प्लॅस्टिक आहे असं धरून चाला. खात्री करायची तर फोन कव्हरशिवाय पाच मिनिटं पंख्याखाली ठेवून गालाला लावा. काच थंड लागते, प्लॅस्टिक लगेच अंगाच्या उबेला येतं. नखाने टिचकी मारलीत तर काचेचा आवाज बारीक आणि टणक, प्लॅस्टिकचा बोदा. आणि कडेला, पाठ फ्रेमला मिळते तिथे, उजेडात तिरकं बघा: प्लॅस्टिकच्या पाठीवर साच्याची पुसट रेघ अनेकदा सापडते.

प्लॅस्टिक निघालं म्हणून नाक मुरडू नका. काचेची पाठ फुटली की ती बदलायला गोंद तापवून फोन उघडावा लागतो, आणि काही मॉडेलांत पाठ फ्रेमला इतकी घट्ट चिकटवलेली असते की खर्च स्क्रीनच्या जवळ जातो. प्लॅस्टिकची पाठ थोडक्यात बदलून होते. पाठीच्या काचेचा खरा उपयोग वायरलेस चार्जिंगला, कारण धातूतून ते होत नाही. पण प्लॅस्टिकमधूनही होतंच.

गोरिला ग्लास असेल तर वर टेम्पर्ड कशाला?

कारण ओरखडा आणि तडा ही दोन वेगळी दुखणी आहेत. अशा काचा पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात सुमारे ४०० अंश सेल्सियसला बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. पृष्ठभाग असा दाटीवाटीने आवळला गेला की तडा सहज पसरत नाही. गोरिला ग्लास बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीने गोरिला ग्लास व्हिक्टस २०२० मध्ये आणली तेव्हा २ मीटरवरून पडून टिकण्याचा दावा केला होता.

पण काच ती काचच. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर फोनची काच साधारण ६ ला ओरखडते. किल्ल्या आणि साधी सुरी ५.५ किंवा त्याहून कमी, म्हणून त्यांनी सहसा काही होत नाही. वाळूतलं क्वार्ट्‌झ मात्र ७. खिशात चौपाटीची वाळू किंवा बांधकामाची भुकटी असेल, तर कुठलीही गोरिला तिथे हरते. आणि ओरखडा पडला की आवळलेला पृष्ठभाग तिथे कमजोर होतो. पुढचा धक्का तिथूनच काच फोडतो. टेम्पर्डचं काम हे ओरखडे स्वतःवर घेण्याचं आहे.

डब्यावर ‘गोरिला ग्लास’ इतकंच लिहिलं असेल आणि पुढे ३, ५, व्हिक्टस असं काही नसेल तर विचारा. गोरिला ग्लास ३ ही २०१३ ची काच आहे. बजेट फोनांत ती अजून दिसते. ‘पांडा’, ‘ड्रॅगनट्रेल’ ही खोटी नावं नाहीत, त्याही अशाच पद्धतीने बनवलेल्या काचा आहेत. फक्त ‘स्ट्रेंग्थन्ड ग्लास’ लिहिलं असेल तर कुणाची आणि कितवी पिढी हे कळायला मार्ग नाही; टेम्पर्ड पहिल्याच दिवशी लावा.

वक्र स्क्रीनवर यूव्ही टेम्पर्ड लावावं का?

शक्यतो नको. पातळ गोंद स्क्रीनवर ओततात, वर काच ठेवतात आणि निळ्या दिव्याखाली तो गोंद सुकवतात. गोंद पातळ असल्याने सुकण्याआधी तो कानाच्या स्पीकरच्या जाळीत, बटणांच्या फटीत, कधी सिमच्या ट्रेमध्ये झिरपतो. त्यानंतर आवाज दबका येणं, बटण चिकटणं या तक्रारी येतात आणि सर्व्हिस सेंटरवाला गोंदाचा थर दाखवून वॉरंटी नाकारतो. टेम्पर्ड लावायचंच असेल तर सपाट स्क्रीनचा फोन घ्या. कडेला आपटल्यावर फुटण्याचा धोकाही सपाट स्क्रीनला कमी असतो.

आयपी६८ असेल तर पावसात बिनधास्त वापरता येईल?

पावसात हो, समुद्रात नाही. आधी आयपीचे, म्हणजे फोन धूळ आणि पाणी किती रोखतो ते सांगणारे, आकडे समजून घेऊ. पहिला आकडा धुळीचा: ५ म्हणजे थोडी धूळ शिरेल पण काम बिघडणार नाही, ६ म्हणजे धूळ शिरणारच नाही. दुसरा पाण्याचा: २ म्हणजे किंचित तिरक्या धरलेल्या फोनवर पडणारे थेंब, ३ म्हणजे तिरका फवारा, ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे, ५ आणि ६ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे दोन आयपी६८ फोन सारखे नसतात. वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत खोली लिहिलेली असते, ती वाचा. ९ म्हणजे गरम पाण्याची जोरदार धार.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. पाण्यात बुडवण्याची परीक्षा पास झाली म्हणून धारेची परीक्षा आपोआप पास होत नाही. स्थिर पाणी वेगळं, नळाची धार वेगळी. म्हणून काही कंपन्या आयपी६८ आणि आयपी६९ असे दोन्ही आकडे लिहितात. गाडीवर, धो धो पावसात, वाऱ्याने मारलेल्या पाण्यात फोन वापरणार असाल तर असे दोन आकडे असलेला फोन बघा. कोकणातल्या जुलैसाठी आयपी५२ किंवा आयपी५३ म्हणजे निव्वळ थेंब-तुषारांपुरता दिलासा.

गरम धारेची परीक्षा सोडली तर या सगळ्या चाचण्या गोड्या, साध्या तापमानाच्या पाण्यात होतात. साबणाच्या पाण्याचा ताण कमी होतो, ते बारीक फटीत शिरतं. गरम पाण्याची वाफ रबराच्या पट्टीला चुकवते. खारं पाणी आत गेलं नाही तरी पोर्टच्या पिना खातं. समुद्रकिनारी फोन भिजला तर गोड्या पाण्याने हळू धुवा, पोर्ट खाली करून टिपा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नका. ओल्या पिनांत वीज गेली की गंज लवकर धरतो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय टाळा: कण पोर्टमध्ये अडकतात, आणि २०२४ मध्ये ॲपलनेही तसं न करण्याचा सल्ला दिला.

सीलबंदपणा कायमचा नसतो. स्क्रीनभोवतीचा गोंद उन्हाने आणि पडझडीने सुटतो. बॅटरी किंवा स्क्रीन एकदा बदलली की तो मूळचा गोंद गेलाच. बाहेरच्या दुकानात फोन उघडला असेल तर आयपीचा आकडा विसरून जा. आणि आयपी६८ असूनही पाण्याने बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत. सिमच्या खाचेत एक पांढरी टिकली असते, पाणी लागलं की ती लाल होते. सर्व्हिस सेंटर आधी तीच बघतं.

सिमचा ट्रे बघून खरंच काही कळतं?

खूप. ट्रे बाहेर काढा. तोंडाशी रबराची बारीक कड असेल तर निदान पाण्याचा विचार झालाय. नसेल आणि जाहिरातीत ‘स्प्लॅश प्रूफ’ असेल तर जाहिरात पातळ आहे. ट्रे परत आत सरकवल्यावर फ्रेमशी सपाट बसला पाहिजे, ना आत ना बाहेर. आणि पिन कुठे घालता ते नीट बघा: काही फोनांत सिमच्या छिद्राशेजारीच मायक्रोफोनचं छिद्र असतं. चुकून त्यात पिन घातली की आतली जाळी फाटते, मग पाणीही जातं आणि आवाजही.

‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे लष्कराने तपासलेला फोन का?

नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ लिहितात ते मिल-एसटीडी-८१०एचच्या जोरावर, आणि ती अमेरिकी संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धत आहे. त्यात उष्णता, थंडी, कंप, धूळ, दमट हवा, पडणं अशा अनेक चाचण्या आहेत. त्यातल्या कुठल्या करायच्या हे कंपनी ठरवते आणि प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा त्यात नसते. एका कंपनीने दोन चाचण्या केल्या, दुसरीने बारा, तरी स्टिकर तेच. पडण्याच्या चाचणीत १.२२ मीटरवरून २६ वेळा, म्हणजे प्रत्येक बाजू, कड आणि कोपऱ्यावर एकदा टाकतात, पण ते सगळे आघात एकाच फोनवर व्हायलाच हवेत असं नाही, पाच नमुन्यांत वाटून घेता येतात. तुमचा फोन मात्र एकटाच पडतो.

खरोखर आडदांड वापर असेल, म्हणजे साइटवर, गोदामात, शेतात, तर त्याच कामासाठी घडवलेला टॅब्लेट घ्या. सॅमसंगचा टॅब ॲक्टिव्ह ५ हा ८ इंची टॅब्लेट याचं उदाहरण: आयपी६८, ८१०एचच्या चाचण्या, आणि मुख्य म्हणजे हाताने काढता येणारी बॅटरी. दिसायला तो सुंदर नाही. त्याची तशी अपेक्षाही नाही.

टॅब्लेटमध्ये वेगळं काय बघायचं?

पहिलं, काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले आहेत का. स्वस्त टॅब्लेटमध्ये वरची टचची काच आणि खालचा डिस्प्ले यांत हवेची फट असते. स्क्रीन तिरकी धरून बोट टेकवा: बोट आणि खालचं अक्षर यांत अंतर दिसलं, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर फट आहे. याचा तोटा उन्हात दिसतो, चकाकी वाढते. आणि पेनने लिहिताना रेघ टोकापासून जराशी दूर उमटल्यासारखी वाटते. पण फायदाही आहे, आणि तो कुणी सांगत नाही: वरची काच फुटली तर फक्त काच बदलता येते. चिकटवलेली असेल तर पूर्ण संच, ज्याला दुरुस्तीवाले ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात, तो घ्यावा लागतो. लहान मुलांच्या हातात देण्यासाठी टॅब्लेट घेत असाल तर फट असलेला टॅब्लेट हा शहाणपणाचा सौदा ठरू शकतो.

दुसरं, वजन. आयपॅड मिनी २९३ ग्रॅमच्या आसपास, सॅमसंगचा ८.७ इंची टॅब ए९ साधारण ३३२ ग्रॅम. एका हाताने अंथरुणावर वाचायचं असेल तर ३५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. मनगट दुखतं आणि टॅब्लेट तोंडावर पडतो. फार हलका टॅब्लेटही संशयास्पद: वजन बहुतेक करून बॅटरी आणि फ्रेमचं असतं, ते कमी म्हणजे या दोहोंपैकी एकात काटछाट.

तिसरं, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून अंधाऱ्या खोलीत काळं चित्र बघा. कडेने पिवळट-पांढरा उजेड गळत असेल आणि तो कडेला हलकं दाबल्यावर बदलत असेल, तर फ्रेम डिस्प्लेला चिमटतेय. हे कालांतराने वाढतं. दुकानात अंधार मिळणार नाही, म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री बघा; परत देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते.

चार्जिंगचं पोर्ट टिकेल का, हे आधी कळतं का?

यूएसबी-सीचं पोर्ट १०,००० वेळा वायर घालण्या-काढण्यासाठी आखलेलं असतं. दिवसातून तीनदा चार्ज केलंत तरी नऊ वर्षं झाली. पोर्ट मरतं ते घालण्या-काढण्याने नव्हे, तर चार्जिंगला लावून झोपून फोन वापरताना वायरवर पडणाऱ्या वजनाने. म्हणून वायर लावून ती हलकेच वर-खाली हलवा. वायरबरोबर पोर्टची धातूची बाहीच हलत असेल तर ती बोर्डाला नुसती झाळलेली आहे, आधार नाही. पोर्टभोवती फ्रेमची जाड कड असेल तर वजन फ्रेम घेते.

त्याहून मोलाचा प्रश्न: पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे की मुख्य बोर्डावर झाळलेलं? वेगळं असेल तर तो ‘सीसी बोर्ड’ अर्ध्या तासात बदलून मिळतो. मुख्य बोर्डावर असेल तर बारीक झाळकाम करणारा माणूस शोधावा लागतो. मॉडेलचं नाव आणि ‘चार्जिंग बोर्ड’ असं ऑनलाइन शोधा. सुटा भाग विकायला दिसला तर बोर्ड वेगळा आहे.

वायर लावल्यावर ‘टक्’ बसत नसेल तर पोर्ट खराब म्हणण्याआधी दात कोरायच्या लाकडी काडीने तळाची दाबलेली खिशातली लव काढा. फोन बंद करून, आणि टाचणीने नव्हे.

फोन गरम लागतो म्हणजे बांधणी वाईट?

बहुधा उलट. धातूची बॉडी गरम लागते कारण ती आतली उष्णता बाहेर आणून टाकते. प्लॅस्टिकची पाठ थंड लागते तेव्हा ती उष्णता आतच कोंडलेली असू शकते. हाताचा अंदाज सोडा आणि काम बघा: कॅमेऱ्यावर दहा मिनिटं ४के व्हिडिओ घ्या. मधेच चित्रीकरण बंद पडलं, किंवा स्क्रीन आपोआप मंद झाली, तर उष्णता बाहेर जायला वाट नाही. एप्रिल-मे महिन्यात नागपूर, जळगावकडे फोन घेणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. एकाच जागी, कॅमेऱ्याशेजारी चटका बसावा इतकं तापत असेल आणि बाकी पाठ गार असेल, तर उष्णता पसरवणारा थर नाही किंवा अपुरा आहे.

बॅटरी फुगणं हा बांधणीचा दोष की वापराचा?

दोन्ही. उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेली अवस्था यांनी बॅटरीतलं रसायन मोडून वायू तयार होतो. दुकानाच्या काउंटरवर बिलासाठी, किंवा सीसीटीव्ही बघायला चोवीस तास प्लगला लावलेले टॅब्लेट यानेच फुगतात. तसा वापर असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असलेलाच टॅब्लेट घ्या.

बांधणीचा भाग असा की बॅटरीभोवती मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा चोरली की काय होतं याचं धडधडीत उदाहरण म्हणजे २०१६ चा गॅलेक्सी नोट ७. बाहेरून काच, धातू, आयपी६८, सगळं उत्तम. पण एका पुरवठादाराच्या बॅटरीचा वरचा कोपरा दाबला जाऊन आतलं इलेक्ट्रोड मुडपलं, दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाचे टोकदार कण निघाले. सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये ही कारणं जाहीर केली. फोन परत घ्यावे लागले आणि मॉडेल बंद झालं. हे दुकानात नख फिरवून कळत नाही. म्हणून अगदी नवं मॉडेल पहिल्याच आठवड्यात घेऊ नये, दोन-तीन महिने थांबावं.

स्क्रीनची एक कड वर आली, टॅब्लेट टेबलावर डोलायला लागला, एलसीडीवर पिवळट डाग आला तर लगेच बंद करा, चार्ज करू नका, आणि स्क्रीन दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावला तर चालतं का?

कॅमेरा चांगला असेल तर जपा. वर सांगितलेलं ते तरंगतं भिंग इंजिनाच्या सततच्या जोरदार कंपाने खराब होऊ शकतं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच तसा इशारा दिला होता. बिघाड असा दिसतो: कॅमेरा उघडला की चित्र थरथरतं आणि घर्रघर्र आवाज येतो. रबरी कंपरोधक असलेला स्टँड घ्या, किंवा रोजच्या डिलिव्हरीच्या कामाला असं भिंग नसलेला साधा फोन ठेवा. तो इथे जास्त टिकाऊ.

ऑनलाइनच घ्यायचा असेल, हात लावायला मिळणार नसेल तर?

तीन ठिकाणी बघा. एक, मॉडेल उघडून दाखवणारे व्हिडिओ; बॅटरी ओढपट्टीने निघते की उपटावी लागते, पोर्टला रबर आहे का, स्क्रू आहेत की फक्त गोंद, हे त्यात दिसतं. दोन, सुट्या भागांचे दर. काही कंपन्या भारतात ते वेबसाइटवर देतात. स्क्रीनचा दर फोनच्या किमतीच्या निम्म्यावर असेल तर तो फोन एका पडण्याचा सोबती आहे. मुंबईत मनीष मार्केटमध्ये ज्या मॉडेलचा फोल्डर सहज मिळतो तो फोन पुढे अडत नाही, हा जुना निकष अजून चालतो.

तीन, युरोपचं लेबल. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर ऊर्जा-लेबल सक्तीचं आहे. फोनच्या लेबलवर पडून टिकण्याची श्रेणी ए ते ई, दुरुस्तीची सोय, बॅटरी किती वेळा चार्ज होईल आणि आयपीचा आकडा हे सगळं असतं. शिवाय घडीचा नसलेला फोन कव्हराशिवाय ४५ वेळा पडूनही चालला पाहिजे आणि ८०० वेळा चार्ज होऊनही बॅटरीची क्षमता ८० टक्के उरली पाहिजे, अशा किमान अटी आहेत. ही माहिती एप्रेल नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही फुकट बघता येते. तुम्हाला हवं ते मॉडेल तिथेही विकलं जात असेल तर शोधा. मात्र मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. नाव तेच ठेवून भारतात बॅटरी किंवा आतले भाग वेगळे दिलेले असू शकतात.

डिलिव्हरी घेताना खोका उघडण्यापासून सलग व्हिडिओ काढा, आणि स्क्रीनची फट व कोपरे त्यात दिसू द्या.

घडीचा फोन घ्यावा का? टॅब्लेट आणि फोन एकातच होईल.

होईल, पण आतली स्क्रीन नखानेही दबते. वरचा थर प्लॅस्टिकचा असतो. बिजागरीत धूळ गेली की करकर सुरू होते. आयपीच्या पहिल्या आकड्याकडे बघा: तिथे एक्स किंवा ४ असेल तर बारीक धुळीची हमी नाही. गावाकडे, बांधकामावर नको.

सेकंड हँड किंवा रिफर्बिश्ड घेताना बांधणी कशी ओळखायची?

सांधे नव्यापेक्षा जास्त बोलतात. स्क्रीनभोवती गोंदाची चमक किंवा एका बाजूची जास्त फट म्हणजे फोल्डर बदललाय. चार्जिंग पोर्टशेजारी स्क्रू असतील तर त्यांच्या खाचा झिजल्यात का बघा. पांढऱ्या चित्रावर स्क्रीन निळसर आणि मंद दिसली, तर मूळ ओएलईडीऐवजी स्वस्त एलसीडी बसवलेली असू शकते; खात्रीसाठी अंधारात पूर्ण काळं चित्र लावा, काळा भाग राखाडी उजळला तर ती एलसीडीच. टच तपासायला होम स्क्रीनवरचा आयकॉन उचलून स्क्रीनभर सावकाश फिरवा. जिथे सुटतो तिथे टच मेलेला आहे. ओएलईडीवर उभी हिरवी रेघ असेल तर ‘अपडेटने जाईल’ हे ऐकू नका. तो पॅनेलचा बिघाड असतो.

मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि तो बिलाशी व खोक्याशी जुळवा. केवायएम ही अक्षरं इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून १५ आकडी आयएमईआय टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. चार्जर सोबत दिला असेल तर त्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघा. क्रमांक सापडलाच नाही किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर चार्जर तिथेच परत द्या आणि त्याची किंमत सौद्यातून वजा करून घ्या.